झाकण काढून बघणारे बर्वे

२०२५ साल, आणि बर्वे एकोणसाठ वर्षांचे. हे काही जायचं वय नाही. माझ्याकडे बघा, मी त्यांच्यापेक्षा चांगला अठरा-एकोणीस वर्षांनी मोठा, आणि अजून भरलेलं पातेलं चुलीवरून उतरवताना दुसऱ्याला हात लावू देत नाही. त्या दिवशी सकाळी धायरीत घरासमोर भांडी घासत बसलो होतो. आदल्या दिवशी नऱ्ह्याला साखरपुडा होता, त्याची भांडी. तेवढ्यात बर्वे वहिनींचा फोन आला. म्हणाल्या, "तात्या, हे फिरायला गेले होते. छातीत कळ आली. दवाखान्यात नेईपर्यंत…" हातातलं पातेलं पूर्ण घासलं, धुतलं, पालथं घातलं आणि मग निघालो. कुणाला हे विचित्र वाटेल. वाटू दे. अर्धं घासलेलं भांडं टाकून मी माझ्या बापाच्या वेळेलाही उठलो नव्हतो.

आता त्याला काही आठवडे झाले. पेपरच्या पुरवणीवाल्यांनी वहिनींना विचारलं, की साहेबांवर कोण लिहील, त्यांच्या ऑफिसातला एखादा शास्त्रज्ञ वगैरे. वहिनी म्हणाल्या, धायरीच्या तात्यांना विचारा. मी चौथीतून शाळा सोडली. लग्नाचा स्वैपाक करणारा आचारी आहे मी. पण मला विचारलं ते बरोबरच केलं, कारण बर्वे जेवढं माझ्याशी भांडले तेवढं त्यांच्या ऑफिसात कुणाशी भांडले नसतील. शुद्धलेखन पुरवणीवाल्यांनी बघावं. बाकी कशाला हात लावू नये.

बर्वे आमच्या शेताला लागून जी सोसायटी झाली तिथे राहायला आले, त्याला दहा-बारा वर्षं झाली असतील. मूळचे सदाशिव पेठेतले. सोसायटीच्या गणपतीचा महाप्रसाद माझ्याकडे होता. पाठीमागे पार्किंगमध्ये चुली मांडल्या होत्या, मी पलीकडे भात बघत होतो, आणि वळून बघतो तर एक चष्मेवाला, पांढरा शर्ट, बारीक अंगाचा माणूस माझ्या वांग्याच्या भाजीचं झाकण उचलून आत डोकं घालून उभा. अंगाची आग झाली माझ्या. शिजत्या भाजीचं झाकण काढायचं नसतं. वाफ जाते, आणि दुसरं म्हणजे, ज्याला आत काय चाललंय ते बघावं लागतं त्याने चुलीपाशी यावंच कशाला?

"झाकण ठेवा," मी म्हणालो.

"वास कसला येतोय ते बघत होतो."

"वास नाकाने बघतात. डोळ्याने नाही."

"बरोबर आहे," ते म्हणाले, आणि झाकण ठेवलं, पण तिरकं. मग माझ्याकडे बघत म्हणाले, "तुम्हाला न बघता कसं कळतं, भाजी झाली ते?"

दुसरा कुणी असता तर मी उत्तर दिलं नसतं. पण त्यांनी विचारलं ते चेष्टेने नाही, खरंच कळून घ्यायचं म्हणून. मी सांगितलं, आवाजावरून. हे पातेलं पितळेचं आहे, कल्हईचं, बूड जाड आहे, माझ्या बापाने घेतलंय. पाणी असतं तेव्हा ते खदखदतं, पाणी आटून तेल सुटायला लागलं की आवाज खाली बसतो. मला पाठ फिरवूनही कळतं. तिथेच उभे राहून त्यांनी कान देऊन ऐकलं, बराच वेळ. सोसायटीचे लोक आरतीला बोलावत होते तरी गेले नाहीत. तेव्हाच मला कळलं की हा माणूस पुन्हा येणार.

आलेही. रविवारी सकाळी फिरून परत जाताना आमच्या ओट्यावर बसायचे. चहा घ्यायचे. आणि माझ्या घरात कुठलंही भांडं चुलीवर असलं की पहिलं झाकण काढून बघायचे. मी ओरडायचो, ते हसायचे. ती सवय शेवटपर्यंत गेली नाही.

त्यांचं काम काय होतं, हे मला कळायला वेळ लागला. सरकारी संस्था, मोठमोठे कॉम्प्युटर, खोलीभर कपाटंच्या कपाटं, त्याला सुपरकॉम्प्युटर म्हणतात. बर्वे त्यावर नदीचं काम करायचे. वरच्या धरणातून पाणी सोडलं की मुठा कुठे किती चढेल, कुठल्या सोसायटीच्या तळमजल्यात किती वेळाने शिरेल, हे आधी सांगायचा प्रोग्रॅम. सिंहगड रस्त्याला नदीकाठी जे राहतात त्यांना ह्याची किंमत सांगायला नको. तो प्रोग्रॅम मूळ त्यांच्या सरांनी लिहिला होता. सर गेल्यावर बर्व्यांनी तो वाढवला. माणूस शेत करतो तसं. एकाच वावरात तीस वर्षं.

अडचण वेळेची होती. बर्वे म्हणायचे, "उत्तर यायच्या आधी पाणी आलं, तर त्या उत्तराची पूजा करायची का?" म्हणून नवीन तऱ्हेचे कॉम्प्युटर आले होते, त्यात ग्राफिक कार्डं घातलेली. ते काय असतं हे त्यांनी मला एका लग्नात सांगितलं. मी भाजी बघत होतो, आणि मांडवामागे बायका ओळीने बसून पोळ्या लाटत होत्या. बर्वे म्हणाले, "हे बघा तात्या, तुम्ही एकटे, पण तुम्हाला सगळं येतं. जुना प्रोसेसर तुमच्यासारखा. आणि ह्या बायका. ह्या फक्त पोळीच लाटणार, पण सगळ्या एकदम. हे कार्ड म्हणजे…"

"बायकांना कार्ड म्हणू नका. लाटणं येईल अंगावर."

"मी नदीचं खोरं बारीक चौकोनांत कापतो," ते पुढे म्हणालेच. "प्रत्येक चौकोनात एकच हिशेब. शेजारून किती पाणी आलं, पुढे किती गेलं. लाखो चौकोन. एकट्याने करायचं की सगळ्यांनी मिळून?"

"सगळ्यांनी मिळून. त्यात विचारायचं काय?"

"हेच आमच्या ऑफिसात विचारून झालं. आता विचारायचंय ते हे, की ह्या सगळ्यांना काम सांगायचं कुठल्या भाषेत?"

आणि ह्याच एका गोष्टीवर आमचं पुढची काही वर्षं भांडण चाललं. ते कळायचं तर आधी त्यांच्या मुलीच्या लग्नाचं सांगायला पाहिजे.

मुलीचं लग्न कोथरूडच्या एका कार्यालयात ठरलं. स्वैपाक माझ्याकडे. कार्यालयाची स्वतःची भांडी होती, शेगड्या होत्या, स्टीलची चकचकीत पातेली रांगेने मांडलेली. बर्वे म्हणाले, "तात्या, इथे सगळं आहे, तुम्ही फक्त या." मी म्हणालो, "सगळं आहे तर मला कशाला बोलावता? भांड्यांनाच सांगा स्वैपाक करायला." मी कधी दुसऱ्याच्या भांड्यात स्वैपाक केलेला नाही. माझ्या बापानेही केला नाही. आमची भांडी टेम्पोत घालून येतात, मग आम्ही चूल पेटवतो, ही आमची रीत. लग्नाच्या दिवशी मी भाजी चिरायला माणसं घेऊन पुढे गेलो आणि भांड्यांचा टेम्पो मागून निघाला, तो वडगावच्या पुलापाशी अडकला. पुढे कुठेतरी ट्रक कलंडला होता. गाडी ना पुढे ना मागे.

वांगी चिरून पाण्यात. तांदूळ धुतलेले. आणि समोर कार्यालयाची ती पातेली, रिकामी. कार्यालयाचा मॅनेजर मला हात जोडायला लागला. वरपक्षाची माणसं आत येऊन बघून जायला लागली. मी पायरीवर बसून राहिलो. बर्वे आले, धोतर-उपरण्यात, घामाघूम. त्यांनी माझ्याकडे बघितलं, पातेल्यांकडे बघितलं. मला वाटलं आता बोलतील. बोलले नाहीत. माझ्या शेजारी पायरीवर बसले, आणि दोघं टेम्पोची वाट बघत बसलो. पंगत उशिरा बसली, चांगलीच उशिरा. पण भाजी अशी झाली होती की वराचा मामा दोनदा आत येऊन माझं नाव विचारून गेला. मी तेव्हा बरोबर केलं, आणि आज विचाराल तरी हेच सांगेन.

लग्नानंतर पहिल्या रविवारी बर्वे ओट्यावर आले. चहा संपवला. मग म्हणाले, "तात्या, एक विचारू? तुमची विद्या तुमच्या हातात आहे, का पातेल्यात?"

"दोन्हीत."

"पातेल्यात अर्धी असेल, तर मग टेम्पोवाल्याचे पाय धरले पाहिजेत तुम्ही. तो अर्धा आचारी झाला."

ते मला लागलं. मी त्यांना दुसरा चहा दिला नाही.

मग त्यांनी त्यांच्या ऑफिसचं सांगितलं. कार्डं बनवणारी एक मोठी कंपनी आहे, तिने आपल्या कार्डांसाठी आपली भाषा केली आहे. त्या भाषेत लिहिलं की काम वाऱ्यासारखं होतं. शिवाय कंपनी माणूस देते, शिकवते, सगळं तयार. पण ती भाषा फक्त त्याच कंपनीच्या कार्डाला कळते. दुसरा रस्ता म्हणजे सगळ्या कंपन्यांनी आणि विद्यापीठांनी एकत्र बसून ठरवलेले नियम. त्याला ते स्टँडर्ड म्हणायचे. त्यात जुना प्रोग्रॅम तसाच ठेवायचा, आणि जिथे एकच काम लाखदा करायचंय तिथे वर एक ओळ लिहायची, की हे सगळ्यांनी वाटून घ्या. ज्या मशीनला ती ओळ कळते ते काम वाटून घेतं. ज्याला कळत नाही ते ओळ सोडून देतं आणि एकट्याने हळूहळू करत बसतं. पण उत्तर तेच येतं.

"म्हणजे कामचुकार मशीनलाही मोकळीक," मी म्हणालो.

"म्हणा तसं. पण ते नियम अजून कच्चे आहेत. कंपनीच्या भाषेपेक्षा हळू चालतं."

"मग कंपनीचं घ्या. तिने कार्ड केलं, भाषा केली, तिचं बरोबर आहे. मी माझी भाजी गावभर का वाटू?"

"तुमचं बरोबर आहे. कंपनीचंही बरोबर आहे," बर्वे म्हणाले. "मी जेवणाऱ्यांच्या बाजूने विचार करतोय."

त्यांच्या हाताखाली मृणाल नावाची इंजिनिअर होती, हडपसरहून रोज स्कूटरवर यायची. तिशीतली, हुशार, आणि बर्व्यांना तोंडावर बोलायची म्हणून मला आवडायची. एका रविवारी मी बर्व्यांच्या घरी भाजीचा डबा द्यायला गेलो तर ती तिथे बसली होती, समोर लॅपटॉप, आणि दोघांची जुंपलेली.

"सर, डेमो पावसाळ्याआधी आहे. दुसऱ्या ग्रुपने कंपनीची भाषा घेतली, त्यांचं अर्धं काम झालंसुद्धा. आपण उगाच रिस्क का घेतोय? कंपनीचा माणूस आपल्याकडे येऊन बसायला तयार आहे."

"बसेल गं. उठवायचा कसा, ते सांग."

"ही मुलगी बरोबर बोलतीये," मी दारातून म्हणालो.

"थँक यू, काका!"

"तात्या, डबा ठेवा आणि गप्प बसा."

"डबा ठेवला. गप्प बसायला मी आलो नाही."

बर्वे हसले नाहीत. चष्मा काढून पुसला त्यांनी. म्हणाले, "मृणाल, सरांनी हा प्रोग्रॅम लिहिला तेव्हाचं मशीन मी बघितलंसुद्धा नाही. माझ्यासमोर तीन मशीनं आली आणि तिन्ही भंगारात गेली. प्रोग्रॅम राहिला. आज ह्या कंपनीचं कार्ड आहे. पुढचं टेंडर निघेल, कुणाचं येईल कुणाला ठाऊक. तेव्हा हा सगळा परत पहिल्यापासून कोण लिहिणार? मी तर नसेन."

"कुठे जाताय?" मी विचारलं.

"रिटायर होईन हो. तुमच्यासारखं थोडंच आहे, ऐंशीला आलात तरी पळी सोडत नाही."

आत वहिनींनी चहा टाकला होता. त्यांच्याकडे एक जर्मनचं, म्हणजे ॲल्युमिनियमचं पातेलं आहे, बूड पातळ, एका बाजूने चेपलेलं, आणि बुडाला मध्यभागी काळा डाग. तो डाग बर्व्यांनी पाडला. ऑफिसातून आले की स्वतःचा चहा स्वतः त्यात ठेवायचे आणि विचार करत खिडकीपाशी उभे राहायचे, तोवर चहा आटून जळून जायचा. मी एकदा म्हणालो होतो, वहिनी, हे पातेलं नाही, पत्रा आहे, टाकून द्या. बर्वे म्हणाले, खबरदार. जगात कुठल्याही शेगडीवर चालतं ते.

बर्व्यांनी ठरवायचं ते ठरवलं. सगळ्यांच्या नियमाने जायचं. मोठे साहेब म्हणाले, करा, पण जबाबदारी तुमची. मृणाल रागावली, काही दिवस बोलली नाही, पण ओळी लिहायला बसली.

डेमो झाला. दिल्लीहून साहेब आले होते. दुसऱ्या ग्रुपचा प्रोग्रॅम पहिला चालवला, तो संपला आणि चहा-बिस्किटं झाली. मग बर्व्यांचा सुरू केला. तो चालतोय, चालतोय… साहेब घड्याळ बघायला लागले, मग फोन बघायला लागले, मग एकेक उठून बाहेर गेले. हे मला मृणालनेच नंतर सांगितलं. उत्तर बरोबर आलं, पण ते बघायला खोलीत हे दोघंच होते. त्याच आठवड्यात ठरलं, की पावसाळ्याला दुसऱ्या ग्रुपचा प्रोग्रॅम वापरायचा. तीस वर्षांत पहिल्यांदा मुठेचा अंदाज बर्व्यांच्या प्रोग्रॅमवरून निघणार नव्हता.

संध्याकाळी ते ओट्यावर येऊन बसले. आत चुलीवर आमटी होती, तिकडे गेलेसुद्धा नाहीत. त्यावरून मला कळलं की काहीतरी मोडलंय. मी ऐकून घेतलं सगळं. म्हणाले, पोळ्या लाटायला वेळ लागतच नाही तात्या, कणीक आतून बाहेर आणि पोळ्या बाहेरून आत, म्हणजे आकडे कार्डाकडे न्यायचे आणि उत्तरं परत आणायची, ह्यातच सगळा वेळ जातोय. तेवढं एक सुटलं पाहिजे. मी म्हणालो, "मी म्हणालो होतो, कंपनीचं घ्या."

"म्हणाला होतात."

"अजून घ्या. वेळ गेलेली नाही."

समोरून पाण्याचा टँकर गेला. बर्वे म्हणाले, "त्या दिवशी कार्यालयात मी तुम्हाला म्हणालो का, की ह्या पातेल्यात करा?"

"नाही."

"का नाही म्हणालो?"

"मला काय ठाऊक. तुम्हाला ठाऊक."

"म्हणून तुम्हीही आता मला म्हणू नका," ते म्हणाले. मग उठून आत गेले आणि आमटीचं झाकण काढून बघितलं. मी ओरडलो नाही. एवढंच त्यांच्यासाठी करण्यासारखं होतं.

त्यानंतरचं वर्ष-दीड वर्ष ते आणि मृणाल त्याच प्रोग्रॅमला चिकटून होते. कुणी विचारत नव्हतं, कुणी थांबवतही नव्हतं. तिला दुसऱ्या ग्रुपने बोलावलं होतं, ती गेली नाही. मी तिला विचारलं, का गं? तर म्हणाली, "काका, सर चुकतायत हे मला अजून प्रूव्ह करायचंय." असं म्हणून बसली. कणकेची ती ने-आण त्यांनी बरीचशी कमी केली. कणीक एकदाच बाहेर न्यायची आणि सगळ्या पोळ्या झाल्यावरच परत यायचं, असं काहीतरी. तरी दुसऱ्या ग्रुपच्या मागेच राहिले. बर्वे मला खोटं कधी सांगायचे नाहीत. अजून मागे आहोत, म्हणायचे.

शेवटचे आले ते जायच्या चार-पाच दिवस आधी. नेहमीसारखे रविवारी. चालच वेगळी होती, पोरासारखी. आल्या आल्या पिठल्याचं झाकण काढलं आणि तसंच हातात धरून म्हणाले, "तात्या, नवीन मशीन येतंय. टेंडर झालं. कार्ड दुसऱ्या कंपनीचं आहे!"

"मग?"

"मग काय? आता कळेल. आमच्या ओळी त्याला कळतात की नाही. कळल्या, तर मी गेलो काय आणि राहिलो काय, प्रोग्रॅमचं अडत नाही. नाही कळल्या, तर मृणाल जिंकली."

"झाकण ठेवा आधी."

त्यांनी ठेवलं. तिरकं. मग म्हणाले, "आणि हे बघा. तो चालला ना, की तुम्ही माझ्या घरी येऊन वांग्याची भाजी करायची. आमच्या पातेल्यात. त्या पत्र्यात."

"ते होणार नाही."

"मशीन तर येऊ द्या."

"मशीन येऊ दे, नाहीतर त्याचा बाप येऊ दे. होणार नाही."

खूप हसले. चपला घालताना ओट्याला धरून उभे राहिले क्षणभर, तेव्हा मी विचारायला पाहिजे होतं की काय होतंय. पण मला वाटलं, हसून दम लागला असेल… मशीन आलं तेव्हा बर्वे नव्हते.

ते गेल्यावर मी वहिनींकडे जाऊन बसायचो. डबा द्यायचो. मुलगी परत गेली होती, घरात त्या एकट्या. बर्व्यांचा चष्मा टीव्हीपाशी होता, चपला दारात होत्या, आणि खिडकीपाशी जिथे ते उभे राहायचे तिथली फरशी रिकामी. मी ज्या खुर्चीत बसायचो तिथून नेमकी तीच दिसायची. मशीनचं काय झालं, हे मी विचारत नव्हतो, वहिनीही विचारत नव्हत्या. पण दोघांनाही तेच ऐकायचं होतं. बर्व्यांनी जे हट्टाने केलं, ज्याच्यापायी मान खाली घालून खोलीबाहेर आले, ते त्यांच्यामागे राहतंय की त्यांच्याबरोबरच गेलं, एवढंच.

मागच्या आठवड्यात संध्याकाळी मी तिथेच असताना मृणाल आली. हेल्मेट काढायच्या आधीच दारातून म्हणाली, "काकू, रन झाला."

वहिनींनी तिला बस म्हटलं. ती बसली नाही.

"नवीन मशीनवर?" मी विचारलं.

"नवीन मशीनवर, नवीन कार्डावर. थोडं बदलावं लागलं, एका ठिकाणी अडकलोही. पण सरांच्या ओळी आहेत तशा आहेत. जुन्या मशीनचं उत्तर आणि ह्याचं उत्तर शेजारी ठेवून बघितलं. तेच आहे."

"पळतो का?"

ती माझ्याकडे बघून हसली. डोळे भरले होते तिचे. "पळत नाही, काका. चालतो. अजून हळू आहे. पण दुसऱ्या ग्रुपचं ह्या कार्डासाठी सगळं परत लिहून व्हायचंय, त्यांना वेळ लागेल. तोवर साहेब म्हणाले, तुमचा ठेवा."

"म्हणजे तू हरलीस."

"हो ना," ती म्हणाली, आणि मग खाली बसली आणि रडली.

वहिनी उठून आत गेल्या. चहा टाकल्याचा आवाज आला, त्या चेपक्या पातेल्याचा. बराच वेळ त्या बाहेर आल्या नाहीत. मग जळका वास आला. आम्ही दोघं तो वास घेत तसेच बसून राहिलो, कुणी उठून आत गेलं नाही. निघताना मी मृणालला म्हणालो, उद्या दुपारी जेवायला इथे ये. ती म्हणाली, डबा आणताय का काका? मी चपला घातल्या.

मी अजूनही म्हणतो, की आपल्या भांड्यातली भाजी ती भाजी. कंपनीचंही चूक नाही. बर्वे समोर असते तर आजही भांडलो असतो, आणि ते सुटले नसते माझ्या तावडीतून. पण ते समोर नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी परड्यातली वांगी काढली, माझा मसाला खिशात घातला, मसाला मात्र माझाच, आणि पिशवीत नुसती वांगी घेऊन, एकही भांडं न घेता बर्व्यांच्या घरी गेलो. वहिनींनी दार उघडलं, माझ्या हाताकडे बघितलं.

"तात्या, डबा?"

"डबा नाही आणला. ते पातेलं द्या."

त्यांनी ते काढलं, घासून दिलं. डाग होता तिथेच होता. आयुष्यात मी शंभराच्या खाली स्वैपाक केलेला नाही, घरचं घरातल्या बायका बघतात; तीन माणसांची भाजी म्हणजे किती वांगी हेही मला कळेना. वहिनींना विचारावं लागलं. गॅस बारीक कसा करायचा तेही विचारावं लागलं. तेल टाकलं, ते चेपलेल्या बाजूला जाऊन बसलं. भाजी टाकली, पाणी घातलं, झाकण ठेवलं. आणि कान देऊन उभा राहिलो. काही कळेना. तो पत्रा आपला एकसारखा खडखडतोय, पाणी आहे का आटलं, तेल सुटलं का नाही, काहीही सांगेना. वहिनी दारात उभ्या होत्या. मी पाठ वळवून बघितली, पुन्हा ऐकलं. खिडकीपाशी गेलो, परत आलो.

मग मी झाकण काढून बघितलं.